सल

कानडीत 'सल' म्हणजे खेप, पाळी. मराठीत 'सल' म्हणजे काय, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. बेंगळुरूस येऊन ज्याला चाळीस वर्षे लोटली आणि ज्याच्या घरात या दोन भाषा एकमेकींच्या ओसरीवर विनापरवाना बसत-उठत असतात, अशा माझ्यासारख्या माणसाला 'ई सल कप नम्दे', म्हणजे या खेपेस चषक आमचाच, ही येथील क्रिकेटभक्तांची ललकारी ऐकताना तिच्यातला 'सल' प्रत्येक वेळी मराठीच वाटावा, यात नवल नाही. चैत्रात ती ललकारी उठे, रिक्षांच्या पाठीवर रंगवली जाई, आणि ज्येष्ठाचा पाऊस सुरू होईतो तिचा मागमूस उरत नसे. चषकाविना सतरा वर्षे गेली.

त्या सतरा वर्षांत मी जे केले ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. मी कर्णधार बडतर्फ करीत आलो. अर्थात मनातल्या मनात, किंवा फार तर मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसजवळच्या दर्शिनीत, उभ्याने बाय-टू कॉफी घेता घेता. परंतु तेथील उंच टेबलाभोवती सकाळी साडेसातास जो दरबार भरे, त्याचा रुबाब एखाद्या पेशव्याच्या सदरेहून कमी नसे. बँकेतून निवृत्त झालेले एक माध्व गृहस्थ, संगणकाच्या कंपनीत रात्रपाळी संपवून परतणारा एक तरुण, आणि मी. नेमणुका आम्ही करीत असू, सनदा आम्ही देत असू, आणि कॉफीचा तळ दिसण्यापूर्वी त्या परतही घेत असू. संघाच्या मालकांनी आमचे ऐकले असे भासले तेव्हाही संघ हरला, आणि ऐकले नाही तेव्हाही हरला. या गोष्टीने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला तो क्रिकेटपेक्षा जुना आहे: पुष्कळांनी मिळून केलेल्या कर्माचा कर्ता कोण?

प्रारंभ राहुल द्रविडपासून झाला. १८ एप्रिल २००८ रोजी चिन्नस्वामी मैदानावर आयपीएल या सबंध स्पर्धेचाच पहिला सामना झाला, आणि ज्याच्या घरी मराठी बोलली जाते असा आमच्या शहरात वाढलेला हा शालीन मुलगा यजमानांचा कर्णधार म्हणून नाणेफेकीस उतरला, तेव्हा येथील मराठी मंडळींनी परस्परांस जे दूरध्वनी केले ते जणू घरच्या मुंजीचे आमंत्रण असावे अशा स्वरात होते. त्या रात्री कोलकात्याच्या ब्रेंडन मॅकलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा काढल्या, आणि उत्तरादाखल आमचा संघ ८२ धावांत आटोपला. त्यांतल्या १९ अवांतर होत्या, म्हणजे आमच्या अकरा फलंदाजांपैकी एकाचीही धावसंख्या प्रतिपक्षाच्या चुकांच्या बेरजेला पोचली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शिनीत निकाल लागला होता: द्रविड कसोटीचा माणूस, त्याला हा तमाशा काय कळणार! त्या वर्षी आठ संघांत आमचा सातवा क्रमांक आला. पुढील वर्षी केविन पीटरसन आला आणि थोड्याच सामन्यांनंतर कर्णधारपद अनिल कुंबळेकडे गेले. त्याने बुडते जहाज जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यापर्यंत हाकारीत नेले, स्वतः १६ धावांत ४ बळी घेतले, पराभूत संघात असूनही सामनावीर ठरला, आणि तो सामना आपण ६ धावांनी हरलो. मग डॅनियल व्हेटोरी, २०११ चा अंतिम सामना, चेन्नईत ५८ धावांनी हार. मग विराट कोहली, २०१३ पासून २०२१ पर्यंत; मग फाफ डू प्लेसी. प्रत्येकाच्या वेळी माझ्यापाशी अचूक निदान तयार असे, आणि अचूक निदानांची एवढी मोठी संख्या हीच वास्तविक संशय येण्यास पुरेशी गोष्ट होती.

मराठी मनाला या व्यसनाची दीक्षा फार पूर्वी मिळालेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याचा खटला आपल्याकडे अद्यापि चालू आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा एकच मनुष्य उभा असतो. भाऊने होळकरांचे ऐकावयास हवे होते, भाऊने यात्रेकरू बरोबर घ्यावयास नको होते, भाऊने हत्तीवरून उतरावयास नको होते! रसद तुटली होती, सूरजमल निघून गेला होता, उपाशी फौज सकाळी रणात उतरली होती, दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडला. ही सर्व कारणे आपल्याला तोंडपाठ असतात आणि तरीही वाक्याचा कर्ता म्हणून 'भाऊ' हाच शब्द आपल्या तोंडी येतो. सेनापतीचे नाव घेतल्याने हिशेब सोपा होतो. भाषेने मात्र त्या दिवसाचे खरे वर्णन जपून ठेवले आहे, आणि ते कोणा एकाच्या कर्तृत्वाचे नाही: 'भाऊगर्दी'.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांख्यांच्या आधाराने सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. आणि हे असे असता जो एकट्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, तो पाहत असूनही पाहत नाही, असा स्पष्ट शेराही मारलेला आहे. मी हा शेरा प्रथम वाचला तेव्हा तो माझ्या सेवापुस्तिकेत मारल्यासारखा वाटला. त्या दिवसापासून दर्शिनीच्या दरबारात माझी वर्तणूक पालटली, आणि मी पंचकारणांचा प्रवक्ता होऊन बसलो.

भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह असे सांगतात. मी, थोडे स्वातंत्र्य घेऊन, त्याचा अर्थ मैदान असा करीत असे, आणि आमच्या संघाच्या बाबतीत हे स्वातंत्र्य फारसे अनुचित नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे; येथील हवा विरळ, चिन्नस्वामीच्या सीमारेषा आखूड. चेंडू बॅटीला नुसता लागला तरी हवेवर स्वार होऊन प्रेक्षकांत येऊन पडतो. अशा जागी राहणाऱ्या संघाने काय करावे? त्याने उत्तम फलंदाज जमवले, कारण येथे फलंदाजी म्हणजे सोन्याची खाण. आणि गोलंदाजीकडे कानाडोळा केला, कारण येथे कोण गोलंदाज काय दिवे लावणार! मग हाच संघ मंद खेळपट्टीच्या परगावी गेला की फलंदाजांची चमक उतरे, आणि घरी परतला की गोलंदाजांची धूळधाण होई. २३ एप्रिल २०१३ रोजी याच मैदानावर ख्रिस गेलने पुण्याच्या संघाविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या आणि संघाने २६३. बरोबर चार वर्षांनी, २३ एप्रिललाच, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर संघ ४९ धावांत गारद झाला. दोन्ही दिवशी कर्णधार कोहलीच होता. ज्याला एकटा कर्णधारच दिसतो, त्याने या दोन तारखांचा मेळ घालून दाखवावा.

साधनांची कथा मी पाहिली आहे. २९ मे २०१६, अंतिम सामना, तोही आमच्या मैदानावर. मुलाने खटपट करून दोन तिकिटे मिळवली होती. कोहलीने त्या मोसमात, हा सामना धरून, चार शतकांसह ९७३ धावा केल्या. एका माणसाकडून एका मोसमात याहून अधिक मागणे म्हणजे देवाकडे व्याज मागण्यासारखे झाले असते. हैदराबादने २०८ केल्या. त्यांपैकी ६१ एकट्या शेन वॉटसनच्या चार षटकांत गेल्या. मग गेल आणि कोहली खेळू लागले, आणि साडेदहा षटकांत बिनबाद ११४ झाल्या तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील एक वृद्ध कानडी बाई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसल्या. इतर सर्व नाचत होते. त्या मात्र हलल्या नाहीत. जणू त्यांना ठाऊक होते की एवढ्या निखळ सुखाच्या वेळी हालचाल करू नये. तेवढ्यात गेल बाद झाला, थोड्या वेळाने कोहली, आणि मग एकामागून एक माणसे येत-जात राहिली. आठ धावांनी हरलो. बाईंनी पदर सारखा केला आणि स्टीलचा डबा पिशवीत घालून त्या निघाल्या.

बाहेर कब्बन रोडवर रिक्षा मिळेना. मिळाली ती चालवणाऱ्याने मीटरवर वीस रुपये जास्त ठरवून घेतले आणि काही अंतर गेल्यावर आपण होऊन म्हणाला, "मुंदिन सल, सर." पुढच्या खेपेला. मुलगा मराठीत पुटपुटला, "बाबा, याला सांगा की आधी कर्णधार बदला." मी त्याला वॉटसनच्या ६१ धावा सांगितल्या. साधन तुटके असले तर कर्त्याने काय करावे? दैवाची थट्टा अशी की तोच वॉटसन दोन वर्षांनी चेन्नईकडून, त्याच हैदराबादच्या विरुद्ध, अंतिम सामन्यात नाबाद ११७ धावा करून गेला. हे कळल्यावर मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिला तिचे भाषांतर करण्याचे मी टाळतो.

चेष्टांविषयी, म्हणजे प्रयत्नांविषयी, फार लिहिण्यासारखे नाही. ते सर्वच संघ करतात. दैवाविषयी मात्र भक्तमंडळींनी एवढे संशोधन केले आहे की एखाद्या विद्यापीठाने त्याची दखल घ्यावी. कोहलीच्या पाठीवरचा अंक १८. २०२४ च्या मे महिन्यात १८ तारखेला चेन्नईविरुद्ध जो सामना होता, त्यात पुढे जाण्यासाठी किमान १८ धावांनी जिंकणे आवश्यक होते, आणि संघ २७ धावांनी जिंकला. त्याच वर्षी संघाच्या नावातील 'बँगलोर' काढून 'बेंगळुरू' घातले गेले, तेव्हा आमच्या दर्शिनीत नव्या अक्षरांच्या बेरजा झाल्या. मी असल्या गोष्टी मानीत नाही. तथापि महाभारताची पर्वे अठरा, युद्धाचे दिवस अठरा, अक्षौहिणी अठरा, गीतेचे अध्याय अठरा, आणि माझी पाच कारणेही नेमकी अठराव्यातच, हे मी एकदा बोलून गेलो आणि संगणकवाल्या तरुणाने माझ्या कॉफीचे पैसे दिले.

माध्व गृहस्थांचे मत निराळे होते. स्वतंत्र असा एक हरीच, बाकी सर्व परतंत्र. जीवाला कर्तृत्व आहे, पण ते पराधीन कर्तृत्व. कर्णधारालाही तेवढेच. त्याला शिक्षा करावयाची तर पराधीनतेच्या मर्यादेतच करावी, असे ते गंभीरपणे सांगत. द्वैतमतात बडतर्फीची तरतूद आहे की नाही, हे मी त्यांना विचारले नाही.

मुलाने एकदा मला कोंडीत पकडले. २०२४ च्या मार्चमध्ये याच संघाच्या महिलांनी, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली, दिल्लीत दिल्लीलाच आठ गडी राखून हरवून चषक जिंकला. तोच मालक, तीच तांबडी जर्सी, तोच शाप. मग कर्णधाराने फरक पडतो हे सिद्ध झाले की नाही? मी म्हटले, आदल्या वर्षीही तीच कर्णधार होती, आणि तिचा संघ ओळीने पहिले पाच सामने हरला होता. आपल्या दर्शिनीचा कायदा लावला असता तर सांगलीच्या या मुलीची बडतर्फी पहिल्याच चैत्रात झाली असती. मुलगा गप्प बसला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्या युक्तिवादातली फट मलाच दिसली होती.

फट अशी. गीतेतील तो शेरा कर्म करणाऱ्याला उद्देशून आहे. अर्जुन रथात बसलेला आहे, प्रेक्षकांत नव्हे. 'मीच केले' हा जो अहंकार, त्याचे विष उतरवण्यासाठी ही पाच कारणे सांगितली. आपण मात्र त्या औषधाची पुडी उलटी सोडतो. स्वतःची बढती हुकली की साहेब, ग्रहमान, खात्याचे राजकारण अशी पाचांहून अधिक कारणे आपल्या मुखात असतात. आणि शेजाऱ्याच्या मुलाने परीक्षा बुडवली की एकच कारण, तो मुलगा. आपल्यासाठी दैव, दुसऱ्यासाठी कर्ता! मी कर्णधारांना पाच कारणांची सवलत देऊ लागलो तेव्हा औदार्य शिकलो असे मला वाटत होते. पण माझ्या सवलतीने त्यांचे काही अडलेले नव्हते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहिताना कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्य हा शब्द प्रकरणाच्या शीर्षकातच ठेवला, तो उगाच नव्हे. कारणांची यादी पूर्ण केल्यावरही मनुष्याच्या वाट्याला काहीतरी उरतेच, आणि ते त्याने स्वतः उचलावयाचे असते. कोहलीने २०२१ मध्ये कर्णधारपद सोडले आणि संघ सोडला नाही. पुढे दुसऱ्यांच्या हाताखाली खेळत २०२४ च्या मोसमात त्याने ७४१ धावा केल्या. आमच्यापैकी कोणी कचेरीत असे करून दाखवले आहे? कर्णधारपदावरून उतरलेला माणूस त्याच खोलीत, खालच्या टेबलावर, तितक्याच निष्ठेने बसला आहे, हे दृश्य मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.

२०२५ साली कर्णधार झाला इंदूरचा रजत पाटीदार, जो तीन वर्षांपूर्वीच्या लिलावात कोणीही न घेतलेला आणि नंतर जखमी खेळाडूच्या जागी बोलावलेला. गोलंदाजीसाठी त्या वर्षी जोश हेझलवूड, भुवनेश्वर कुमार, कृणाल पंड्या ही खरी साधने आणली गेली होती. आणि अधिष्ठानाची गंमत पाहा: घरच्या मैदानावर पहिले तीनही सामने हरलेल्या या संघाने साखळीतले परगावचे सातही सामने जिंकले, जे पूर्वी कोणत्याच संघाला साधले नव्हते. अमरावतीच्या जितेश शर्माने लखनौला ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या तेव्हा माझी पत्नी, जिला आजतागायत षटकात चेंडू किती ते ठाऊक नाही, म्हणाली, "अहो, हा आपल्याकडचा ना? मग बसा की नीट, येरझारा कशाला घालता?" ३ जूनच्या रात्री अहमदाबादेत पंजाबला १८४ वर रोखून चषक मिळाला. फरक सहा धावांचा. कुंबळे जेवढ्याने हरला होता तेवढ्याच. तारखेतल्या अंकांची बेरीज अठरा होते, हे मी बोटांवर मोजून पाहिले, हे आता लपवून काय उपयोग? शेवटचे काही चेंडू उरले असतानाच कोहली रडू लागला होता; आणि आमच्या गल्लीतही, फटाक्यांच्या धुरात, पाच कारणांपैकी चार कोणाला आठवत नव्हती. सर्वांच्या तोंडी एकच नाव होते, आणि ते कर्णधाराचेही नव्हते.

मूर्ती एक लागते. पंचमहाभूतांची पूजा सांगितली तरी माणूस शेवटी एका मुखवट्यापुढेच हात जोडतो, आणि दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, ती मूर्ती गावात आली. विधानसौधाशी सत्कार, मग चिन्नस्वामीत सोहळा. मैदानात माणसे मावतात पस्तीस हजारांच्या आसपास. रस्त्यावर लाखो आली. मुलगा निघाला होता. साडेतीनला त्याचा फोन आला, "बाबा, पुढे जाता येत नाही, मागेही येता येत नाही, पण मी भिंतीच्या बाजूला आहे." तो रात्री घरी आला, एका पायात चप्पल नव्हती. दारांपाशी झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे गेली, बहुतेक कोवळ्या वयाची. पानिपताने भाषेला दिलेला तो शब्द मी आयुष्यभर लग्नाच्या पंगतीसाठी आणि बसच्या रांगेसाठी वापरला होता. त्या रात्री तो मला उच्चारवेना.

शुक्रवारी सकाळी दर्शिनीत गेलो. पोलीस आयुक्तांसह काही अधिकारी निलंबित झाल्याची बातमी पहिल्या पानावर होती. टेबलावर तेच वर्तमानपत्र, तीच बाय-टू कॉफी. सरकार क्रिकेट मंडळाकडे बोट दाखवीत होते, मंडळ संघाकडे, आणि गर्दीचा आकडा सगळेच पुढे करीत होते. जागा अपुरी, दारे अरुंद, निरोप उलटसुलट, माणसे अनावर, वेळ वाईट. प्रत्येक कारण खरे होते, आणि पाचांत वाटून घेतल्यावर कोणाच्याच वाट्याला उचलण्याएवढे काही येत नव्हते. ही वाटणी मीच या टेबलाला शिकवली होती.

माध्व गृहस्थांनी कॉफी खाली ठेवली आणि, छद्मीपणाने मुळीच नव्हे, खरोखरच ऐकण्याच्या इच्छेने विचारले, "सर, तुमची ती पाच कारणे, ती जरा पुन्हा सांगता का?"

मी सांगितली नाहीत. त्या सकाळी मलाही एकच नाव हवे होते.